जॉन न्यूटन आणि गुलामांची जहाजे

जॉन न्यूटन हे नाव आपल्या मंडळ्यांना परके नाही. त्यांचे ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत ज्याने कधीच ऐकले नाही असा ख्रिस्ती मनुष्य विरळाच. शब्बाथ शाळेच्या वर्गात त्यांची गोष्टही वारंवार सांगितली जाते. ती बहुधा अशी असते: एक दुष्ट कप्तान गुलामांनी भरलेले जहाज घेऊन चालला होता, समुद्रात मोठे वादळ झाले, कप्तानाने गुडघे टेकून प्रभूचा धावा केला, जहाज वाचले, त्याने तो पापी धंदा सोडला आणि तो देवाचा सेवक झाला. आम्हीही ही गोष्ट कित्येक वर्षे अशीच सांगत आलो. एकदा वर्गातल्या एका लहान मुलीने विचारले की, मग जहाजातल्या गुलामांचे काय झाले? ते आपापल्या घरी गेले का? आमच्यापाशी उत्तर नव्हते. घरी येऊन पुस्तके उघडली तेव्हा कळले की आपण सांगतो ती गोष्ट खरी नाही. खरी गोष्ट हिच्याहून पुष्कळ कठीण आहे, आणि ती आपल्या शिक्षकांना ठाऊक असावी म्हणून हा लेख लिहीत आहो.

न्यूटनचा जन्म लंडन येथे १७२५ साली झाला. बाप जहाजाचा कप्तान, स्वभावाने कडक. आई एलिझाबेथ भक्तिमान होती. तिने मुलाला मांडीवर घेऊन पवित्र शास्त्रातील वचने व गीते पाठ करवून घेतली. पण तिला क्षयाची व्यथा होती, आणि मुलाला सात वर्षे पुरी होण्याच्या काही दिवस आधीच ती वारली. अकराव्या वर्षी बापाने त्याला समुद्रावर नेले. पुढे आरमाराच्या माणसांनी त्याला सक्तीने धरून ‘हार्विच’ नावाच्या युद्धनौकेवर चढवले. तेथून तो पळाला, पकडला गेला, सर्वांसमक्ष फटके खाल्ले. अखेरीस त्याला आफ्रिकेकडे जाणाऱ्या एका गुलामांच्या जहाजावर देऊन टाकण्यात आले. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएरा लिओनजवळच्या बेटांवर तो एका गोऱ्या गुलाम-व्यापाऱ्याकडे चाकरीस राहिला. तेथे तापाने आजारी पडला असता त्या व्यापाऱ्याच्या आफ्रिकन बायकोने त्याला उपाशी ठेवले, आणि चोरून अन्न आणून दिले ते साखळीत बांधलेल्या गुलामांनी. स्वतःच्या वाट्याच्या अन्नातून त्यांनी त्याला घास दिला. ही गोष्ट न्यूटनने पुढे आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. वाचकांनी ती ध्यानात ठेवावी, कारण तो स्वतः पुढे बरीच वर्षे ती विसरला असे दिसते.

बापाच्या विनंतीवरून ‘ग्रेहाउंड’ नावाच्या जहाजाच्या कप्तानाने त्याला शोधून काढले. मार्च १७४८ मध्ये परत येताना उत्तर अटलांटिक महासागरात ते प्रसिद्ध वादळ झाले. पण त्या जहाजात एकही गुलाम नव्हता. माल होता हस्तिदंत, सोने, मधमाशांचे मेण आणि लाकूड. जहाजाची एक बाजू फुटून पाणी आत शिरले, तरी मेण व लाकूड पाण्याहून हलके असल्यामुळे ते तरंगत राहिले. न्यूटन तासन्‌तास पंपावर उभा होता, मग त्याने सुकाणू धरले, आणि तेथे त्याला आईने शिकवलेली वचने आठवली. महिनाभराने जहाज कसेबसे आयर्लंडच्या किनाऱ्यास लागले. वादळाचा दिवस त्याने जन्मभर उपवास व प्रार्थना करून पाळला. त्याचे मन पालटले ते खरे, त्याविषयी आम्हांला शंका नाही.

पण गुलामांचा धंदा त्याने त्यानंतर सोडला नाही. खरे तर अधिकारी म्हणून त्याची त्या धंद्यातली कारकीर्द तेव्हाच सुरू झाली. १७४८ साली ‘ब्राउनलो’ या जहाजावर तो कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी होऊन गेला. १७५० साली त्याने मेरी कॅटलेट हिच्याशी लग्न केले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लिव्हरपूलहून ‘ड्यूक ऑफ अर्गाइल’ या जहाजाचा कप्तान म्हणून निघाला. मग ‘आफ्रिकन’ या जहाजावर आणखी दोन फेऱ्या केल्या. शेवटची फेरी १७५४ मध्ये संपली. म्हणजे वादळानंतर सहा वर्षे.

या जहाजांवर काय होत असे, ते आता सांगितले पाहिजे. ते वाचायला बरे वाटणार नाही.

इंग्लंडहून निघताना जहाजात कापड, बंदुका, दारू, लोखंडाच्या कांबी असा माल असे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हा माल देऊन माणसे घ्यायची. पण ती एकदम मिळत नसत. आज दोन, उद्या एक, कधी आठवडाभर कोणी नाही. ‘ड्यूक ऑफ अर्गाइल’ ऑक्टोबर १७५० पासून मे १७५१ पर्यंत त्या किनाऱ्यावरच घुटमळत होते. जे पहिल्या महिन्यात विकत घेतले गेले ते सहा-सात महिने बेड्यांत तसेच पडून राहिले, आणि अटलांटिक ओलांडण्याचा प्रवास त्यानंतर सुरू झाला. रोगाची सुरुवात बहुधा येथेच, किनाऱ्यावरच होई.

जहाज लहान असे, शंभर-दीडशे टनांचे. आणि त्यात दोनशे-अडीचशे माणसे भरायची. डेकच्या खाली तीन खोल्या असत. एक पुरुषांची, एक मुलांची, एक बायकांची. त्याखेरीज आजाऱ्यांसाठी थोडी जागा. खोलीची उंची पाच फुटांच्या आसपास. तेवढ्यातही मध्ये फळ्या ठोकून माळा केलेला, म्हणजे माणसांच्या दोन थरांना जागा झाली. खालच्याला वा वरच्याला नीट उठून बसता येत नसे. फळीवर पुस्तके लावावीत तशी माणसे एकमेकांस चिकटून निजवीत, आणि इंचभरही जागा फुकट जाऊ नये म्हणून एखादा खलाशी खाली उतरून त्यांना दाबून ओळीने लावीत असे. हे सर्व न्यूटननेच पुढे म्हातारपणी लिहिले. पुरुष दोघादोघांच्या जोडीने हातापायांस बेड्यांनी जखडलेले असत. एकाला कूस बदलायची असली तर दुसऱ्यालाही बदलावी लागे. जोडीदार दुसऱ्या टोळीचा, दुसऱ्या भाषेचा असला तर साधे बोलताही येत नसे.

शौचासाठी प्रत्येक खोलीत तीन-चार पिंपे ठेवलेली असत. जो पिंपापासून दूर असेल त्याने काळोखात, जोडीदाराला ओढीत, दुसऱ्यांच्या अंगांवरून जायचे. पुष्कळजण तो प्रयत्नच सोडून देत. असे असता रक्ती आव पसरली नाही तरच नवल. हिलाच त्या जहाजांवरचा सर्वांत मोठा काळ म्हणावे लागेल. अलेक्झांडर फाल्कनब्रिज नावाचा एक डॉक्टर अशा जहाजांवर चार फेऱ्या करून आला व १७८८ साली त्याने आपला अनुभव छापला. आवेची साथ चालू असता खालच्या खोलीची जमीन रक्ताने व शेंबेने इतकी भरली होती की त्याला खाटिकखान्याची आठवण झाली, आणि तेथील उष्णतेने व कोंडलेल्या हवेने तो स्वतः बेशुद्ध पडता पडता वाचला. डॉक्टरची ही गत. तेथे दिवसाचे पंधरा-सोळा तास पडून असणाऱ्यांची काय झाली असेल! वादळ-पाऊस आला म्हणजे हवेची भोके व वरच्या जाळ्या ताडपत्रीने झाकून टाकीत; मग तर श्वास घेणेही कठीण.

आज आपल्या गावातली आरोग्यसेविकासुद्धा सांगते की हगवण लागली की पहिले औषध पाणी. मीठ-साखर घातलेले पाणी घोटघोट पाजत राहा. त्या जहाजांवर जेवणाबरोबर माणशी अर्धा पिंट पाणी मिळे, म्हणजे साधारण एक मोठा पेलाभर. वर उष्ण कटिबंधातील घाम, खालून अतिसार, काहींना समुद्र लागून होणाऱ्या वांत्या. अनेकांचा जीव रोगापेक्षा शरीरातले पाणी आटल्यामुळे गेला असावा असे अलीकडच्या अभ्यासकांचे म्हणणे आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. आवेशिवाय देवी होत्या, गोवर होता, ताप होते, डोळ्यांची साथ होती. १८१९ साली ‘ल रोदर’ या फ्रेंच जहाजावर डोळ्यांच्या साथीने गुलामांबरोबर बहुतेक खलाशीही आंधळे झाले, आणि आंधळे गुलाम विकले जाणार नाहीत म्हणून कित्येकांना समुद्रात फेकून देण्यात आले. ताजी फळे-भाजी नसल्यामुळे स्कर्व्ही होई. हिरड्या सुजून रक्त येई, जुन्या जखमा पुन्हा उघडत. लाकडावर सतत निजून जहाजाच्या हेलकाव्यांनी खांदे, कोपर, कंबर यांची कातडी सोलून निघे. आणि एक रोग असा होता की त्याला डॉक्टरांपाशी औषध नव्हते. माणसे खाणे सोडून देत आणि मरत. अशांचे जबडे उघडण्यासाठी स्क्रूचे लोखंडी यंत्र ठेवलेले असे.

जंतूंचे ज्ञान त्या काळी कोणाला नव्हते. दूषित हवेने रोग होतो अशी समजूत होती. म्हणून न्यूटनच्या जहाजावर खालच्या खोल्या खरवडून काढीत, डांबर, तंबाखू व गंधक यांची धुरी देत आणि मग व्हिनेगरने धुवून काढीत. त्याच्या रोजनिशीत याच्या नोंदी आहेत. कप्तान म्हणून तो निष्काळजी नव्हता. उलट इतरांपेक्षा दक्षच होता. आम्हांला याचेच अधिक दुःख होते. त्याच रोजनिशीत मृत्यूच्या नोंदी आहेत: अमुक तारखेस एक पुरुष, तमुक तारखेस एक स्त्री, आवेने किंवा अन्य रोगाने गेली, समुद्रात टाकली. नाव कोणाचे नाही. विकत घेताना दिलेला आकडा तेवढा आहे.

मे १७५१ मधील एक नोंद अशी. एका तरुणाच्या अंगावर मोठे क्षत झाले होते म्हणून त्याला बेड्या घातल्या नव्हत्या. पुढे त्याची वागणूक चांगली दिसली म्हणून त्याला तसेच मोकळे ठेवले. त्याने दोरखंड सोडवण्याचा एक मोठा अणकुचीदार लोखंडी खिळा जाळीतून खाली दिला. तासाभरात वीस जणांनी बेड्या तोडल्या. बंड वेळीच उघडकीस आले व मोडले गेले. पुढच्या एका फेरीत बंडाचा संशय आला तेव्हा न्यूटनने काही मुलांच्या अंगठ्यांना स्क्रूचे चाप लावून कबुली काढली. मुलांच्या! आणि त्याच जहाजावर तो दर रविवारी खलाशांना जमवून उपासना चालवीत होता, स्वतः नियमाने पवित्र शास्त्र वाचीत होता, बायकोला प्रेमळ पत्रे लिहीत होता. देवाची संगत त्या शेवटच्या दोन फेऱ्यांत जितकी गोड लागली तितकी क्वचितच लागली असावी, अशा अर्थाचे त्याने १७६४ साली लिहिले आहे. डेकवर प्रार्थना, आणि दोन फळ्यांखाली ते सर्व.

हे कसे शक्य झाले? तो ढोंगी होता असे म्हटले की प्रश्न सुटतो, पण आम्हांला ते म्हणवत नाही. त्या वेळी लिव्हरपूलमध्ये तो प्रतिष्ठित धंदा होता. मंडळीतले सभ्य लोक त्यात पैसे गुंतवीत. पाळकांनी त्याविरुद्ध अवाक्षर काढले नव्हते. आपण तुरुंगाच्या रखवालदारासारखे आहो हे त्याला खटके, अधिक दयेचा धंदा मिळावा अशी तो प्रार्थनाही करी. पण हे पाप आहे असे त्याच्या मनाने तेव्हा घेतले नव्हते. आपल्याकडचीच गोष्ट घ्या. गोव्यात पोर्तुगीजांच्या घरी मोझांबिकहून आणलेले गुलाम राबत होते आणि त्यांचे धनी नेमाने देवळात जात होते.

शेवटच्या फेरीत एक नवल घडले. त्या खेपेस न्यूटनच्या जहाजावर एकही माणूस दगावला नाही, ना गुलाम ना खलाशी. लिव्हरपूलमध्ये त्याची मोठी वाहवा झाली. अशी गोष्ट पूर्वी कोणी ऐकली नव्हती. यामागे दैवी कृपा पाहणाऱ्यांना आम्ही अडवीत नाही, पण साधे कारणही दिसते. त्या वेळी किनाऱ्यावर त्याला थोडीच माणसे मिळाली, शंभरापेक्षाही कमी, आणि तो फार न थांबता निघाला. गर्दी कमी, मुक्काम थोडा, म्हणून रोग नाही. मरण कशाने येत होते ते याहून स्पष्ट कसे व्हावे?

नोव्हेंबर १७५४ मध्ये पुढच्या फेरीवर निघण्यास दोन दिवस उरले असता, घरी बायकोबरोबर चहा घेत बसलेला न्यूटन एकाएकी झटका येऊन कोसळला. तासभर शुद्ध नव्हती. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने समुद्र सोडला. म्हणजे धंदा सुटला तो पश्चात्तापाने नव्हे, आजाराने. त्याच्या जागी जो कप्तान गेला तो त्या फेरीत मरण पावला, त्याचे बहुतेक अधिकारीही गेले.

पुढची हकीकत आपणांस ठाऊक आहे, ती थोडक्यात सांगतो. लिव्हरपूल बंदरात त्यांनी जकातीची नोकरी केली, ग्रीक व हिब्रू भाषा शिकून घेतल्या, १७६४ साली त्यांची पाळक म्हणून दीक्षा झाली आणि ओल्नी या लहान गावी ते गेले. तेथे कवी विल्यम कूपर यांच्या सोबतीने गीते रचली. ती १७७९ साली छापली गेली. मग लंडनच्या सेंट मेरी वुलनॉथ या मंदिरात ते आले व मरेपर्यंत तेथेच राहिले. आपल्याकडे त्यांचे ऋण आहे तेही येथे सांगितले पाहिजे. विल्यम कॅरी १७९३ साली हिंदुस्थानास येण्यापूर्वी त्यांचा सल्ला घेण्यास गेले होते. याच कॅरींनी १८०५ साली श्रीरामपूर येथे मराठीचे व्याकरण छापले व १८११ साली मराठी नवा करार. १८०८ साली गोव्यास जाऊन तेथील इन्क्विझिशनची माहिती जगापुढे आणणारे क्लॉडियस ब्यूकॅनन हेही न्यूटन यांच्याच उपदेशाने प्रभूकडे वळलेले.

पण गुलामांविषयी न्यूटन चौतीस वर्षे जाहीरपणे काही बोलले नाहीत. समुद्र सोडला १७५४ साली, पुस्तिका निघाली १७८८ साली. मधल्या काळात त्यांनी शेकडो प्रवचने केली, आत्मवृत्त लिहिले, ‘अमेझिंग ग्रेस’ रचले. त्या गीतात जहाजांचा उल्लेख नाही. १७८५ च्या डिसेंबरात विल्यम विल्बरफोर्स हा पार्लमेंटचा तरुण सभासद लपतछपत त्यांच्याकडे आला. राजकारण सोडून धर्मसेवेत पडावे असे त्याच्या मनात होते. न्यूटन यांनी त्याला सांगितले की देवाने तुला जेथे ठेवले आहे तेथेच राहा. दोन वर्षांनी विल्बरफोर्स यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध कंबर कसली, आणि तेव्हा या म्हाताऱ्या पाळकानेही तोंड उघडले.

ती पुस्तिका लहान आहे, पण तिच्यात आव आणलेला नाही. ज्या धंद्याच्या आठवणीने आता अंगावर शहारा येतो त्यात आपण स्वतः हात घातला होता, ही लाज जन्मभर पुरेल अशी कबुली देऊन ते आरंभ करतात. जागेची मापे, माळे, बेड्या हे सारे ते जहाजाच्या माणसाच्या नेमकेपणाने सांगतात. सकाळी जाळी उघडली की कधी कधी जिवंत आणि मेलेला एकाच बेडीत सापडे, हेही सांगतात. इंग्रजी जहाजे वर्षाला साठ हजार माणसे विकत घेत असतील तर त्यांतली चौथाई, म्हणजे पंधरा हजार, मरत असावीत असा त्यांचा हिशेब होता. आज जहाजांची कागदपत्रे तपासून विद्वानांनी काढलेला अंदाज असा की साऱ्या काळात मिळून सुमारे सव्वा कोट आफ्रिकन माणसे जहाजांवर चढवली गेली आणि त्यांपैकी अठरा लाखांच्या आसपास समुद्रातच मेली. खलाशीही ताप व आवेने मोठ्या संख्येने मरत. तेही न्यूटन यांनी मांडले, कारण हा धंदा खलाशी तयार करतो असा व्यापाऱ्यांचा दावा होता.

पुस्तिका पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या सभासदांना वाटण्यात आली. सरकारी चौकशीपुढे न्यूटन यांनी साक्षही दिली. डॉक्टर फाल्कनब्रिज यांनी दिली. ‘ब्रुक्स’ या जहाजावर डॉक्टर असलेले टॉमस ट्रॉटर यांनी दिली. याच ‘ब्रुक्स’चे चित्र छापून गावोगाव लावण्यात आले. त्यात ४८२ माणसे ओळीने निजलेली दाखवली आहेत, पुरुषाला रुंदी १६ इंच. आपण आपल्या मंदिराच्या बाकावर बसताना १६ इंच हाताने मोजून पाहावेत. आणि ते चित्र नव्या कायद्याने संख्येवर मर्यादा घातल्यानंतरचे होते. त्याआधी त्याच जहाजाने सहाशेहून अधिक माणसे नेली होती. हा कायदा १७८८ साली सर विल्यम डॉल्बेन यांनी, लंडनच्या नदीत उभे असलेले असे एक जहाज स्वतः पाहून आल्यावर, मांडला. जहाजाच्या टनांप्रमाणे माणसांची मर्यादा ठरली, डॉक्टर बाळगणे व मृत्यूंची नोंद ठेवणे सक्तीचे झाले. शंभरात दोनच्या वर मृत्यू झाले नाहीत तर कप्तानाला १०० पौंड व डॉक्टरला ५० पौंड बक्षीस मिळू लागले. माणसे जगवण्यासाठी लाच द्यावी लागली म्हणा ना.

व्यापार मात्र चालूच राहिला. विल्बरफोर्स यांचे विधेयक वर्षानुवर्षे फेटाळले जात होते. इकडे न्यूटन यांची पत्नी १७९० साली कर्करोगाने वारली. त्यांची दृष्टी गेली, स्मरण कमी झाले. तरी १८०६ पर्यंत ते हाताला धरून व्यासपीठावर चढत. अखेर २५ मार्च १८०७ रोजी ब्रिटिश जहाजांना गुलामांचा व्यापार करण्याची बंदी झाली. ते ऐकण्यास न्यूटन हयात होते. त्याच वर्षी २१ डिसेंबरला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, ते प्रभूजवळ गेले. आपल्या समाधीवरचा लेख त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. आपण पूर्वी आफ्रिकेत गुलामांचे चाकर होतो, हे त्यात त्यांनी न लपवता कोरायला सांगितले.

कप्तानपणाची रोजनिशी त्यांनी फाडून टाकली नाही. ती १९६२ साली छापली गेली, आणि मूळ वही इंग्लंडात ग्रीनिच येथील समुद्रविषयक संग्रहालयात आहे. त्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तीत सापडते. जे वाचले ते अँटिग्वा व सेंट किट्स या बेटांवर उसाच्या मळ्यांसाठी विकले गेले. घरी कोणी गेले नाही. पुढच्या रविवारी आम्ही तिला तसे सांगितले.